जवस, मासे आणि कॅप्सूल: सात महिन्यांनंतर

ओमेगा-३ या मासे-जवसातल्या चरबीच्या माझ्या प्रयोगाबद्दल पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. नव्या पथ्याचा उत्साहच तसा असतो. आता सात महिने झालेत, म्हणून लिहितो.

सुरुवात ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या एका चरबीच्या, २१२ या आकड्याने झाली. गोड आणि तळलेलं कमी करा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. ओमेगा-३ ची भर माझी. '१००० मिलिग्रॅम' लिहिलेली माशाच्या तेलाची बाटली आणली आणि रोज एक कॅप्सूल सुरू केली. दोन महिन्यांनी बाटलीची मागची बाजू वाचली. १००० हे नुसतं तेलाचं वजन! त्यात ईपीए १८० आणि डीएचए १२० (माशातल्या ओमेगा-३ चे हे दोन प्रकार), म्हणजे कामाचं फक्त ३००. ट्रायग्लिसराइड उतरवायला हे दोन्ही मिळून दिवसाला २ ते ४ ग्रॅम देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझी एक कॅप्सूल म्हणजे दर्या में खसखस. वर रिकाम्या पोटी घेतली की दुपारपर्यंत माशाचे ढेकर. जेवताना घेतली तर त्रास कमी होतो आणि अंगीही जास्त लागते.

मग जवस. अख्खे दाणे खाल्ले, ते जसेच्या तसे बाहेर पडले. भरडून खायचे असतात हे नंतर कळलं. मग महिनाभराची भरड एकदम करून ठेवली, तर झाकण उघडताच ऑइल पेंटचा भपकारा. टाकून दिली. आता चार-पाच दिवसांपुरतीच भरडतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो. मोठा चमचाभर भरडीत साधारण दीड ग्रॅम एएलए (वनस्पतींतलं ओमेगा-३) मिळतं, म्हणजे दिवसाची गरज जवळपास भागते. पण त्यातून शरीर ईपीए जेमतेम बनवतं, डीएचए तर नावापुरतं. शिवाय ज्या एन्झाइमने हे घडतं तेच ओमेगा-६ लाही (सूर्यफुलासारख्या तेलांतली चरबी) लागतं, त्यामुळे दोघांची ओढाताण चालते.

हे वाचल्यावर मी ओमेगा-६ आणि ओमेगा-३ च्या ४:१ या गुणोत्तराच्या नादी लागलो. वही, वजनकाटा, सगळं. तीन आठवड्यांत कंटाळलो, आणि बरंच झालं. नुसतं ओमेगा-६ कमी केलं तरी गुणोत्तर कागदावर सुधारतं, पण पोटात ओमेगा-३ एक थेंबही जास्त जात नाही. आणि लिनोलेइक आम्ल, म्हणजे खाण्यातलं मुख्य ओमेगा-६, काही शत्रू नाही. ते शरीराला बनवता येत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं. मी फक्त पाकिटातलं तळलेलं बंद केलं. सूर्यफुलाचं तेलही सरसकट वाईट नाही: 'हाय ओलेइक' प्रकारात लिनोलेइक बरंच कमी असतं.

खरा फरक पडला तो आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाऊ लागल्यावर, असं माझं मत. रक्तातल्या लाल पेशींमधला ओमेगा-३ निर्देशांक (त्यांच्या चरबीत ईपीए-डीएचए किती टक्के) ४.४ टक्के होता, मासे सुरू केल्यानंतर चार महिन्यांनी ६.३ झाला. (८ च्या वर चांगला मानतात.) लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा तपासणं म्हणजे पैसे वाया. ट्रायग्लिसराइड १६३ वर आलं, पण पाकिटंही बंद होती, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? केस, त्वचा, गुडघे: काडीचा फरक नाही.

मासे न खाणाऱ्यांनी शैवालाच्या तेलाचा विचार करावा. माशांनाही डीएचए मुळात शैवालातूनच मिळतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या बाटलीत अजून चाळीसेक कॅप्सूल आहेत. त्या संपवीन, नवी आणणार नाही.