सीपीए कव्हर: दुचाकीच्या पॉलिसीतले १५ लाख कधी मिळतात, कधी अडतात

दुचाकीची पॉलिसी ऑनलाइन काढताना पैसे भरण्याआधी 'ओनर-ड्रायव्हर पर्सनल अ‍ॅक्सिडेंट, १५ लाख' असा एक चौकोन येतो. एकूण आकडा कमी व्हावा म्हणून अनेक जण तो काढून टाकतात. हेच सीपीए, सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर. २०१८ मध्ये विमा नियामकाने दुचाकीसाठीची रक्कम १ लाखावरून १५ लाखांवर नेली, तेव्हा वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरवला होता. २०१९ पासून दर कंपन्यांवर सोडला आहे, त्यामुळे तुलना करून घ्यावा. अटींचा मजकूर मात्र सगळीकडे जवळपास सारखाच, म्हणून इथे परीक्षण त्या मजकुराचंच आहे.

त्याचा मोठा गुण असा की चूक कोणाची, हे तो विचारत नाही. थर्ड पार्टी विमा समोरच्या माणसासाठी असतो. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवरून गाडी घसरली किंवा खड्ड्यात चाक अडकून स्वार गेला, तर त्याच्या घरच्यांना थर्ड पार्टीतून काहीही मिळत नाही. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. पण तो मार्ग वेगळा आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात त्यांच्याकडून पैसे मिळवण्याचा. अशा वेळी घराला खरा आधार सीपीएचा.

आता उणीव, आणि ती लहान नाही. हे कव्हर हॉस्पिटलचं बिल देत नाही. मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावणं याला पूर्ण रक्कम. एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मी. मांडीत रॉड टाकला आणि चार महिने काम बुडालं, तर शून्य. शिवाय हा परिणाम अपघातापासून सहा महिन्यांच्या आत झालेला असावा लागतो. उपचारांसाठी मेडिक्लेम हवाच. केंद्राच्या मे २०२५ च्या कॅशलेस योजनेत प्रत्येक जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळतात, तेही माहीत असू द्या.

दावे अडतात ते बहुतेक मालकी आणि लायसन्सवर. कव्हर फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला. मुंबईत गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवतो मुलगा, अशी घरं असंख्य. मुलाला काही झालं तर सीपीए लागू नाही. आणि दुसऱ्याकडून मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं असल्याने तो त्या गाडीचा 'थर्ड पार्टी'ही ठरत नाही. उपाय दोनच: आरसी मुलाच्या नावावर करा, नाहीतर त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या. सेकंडहँड गाडी घेतली तर थर्ड पार्टी विमा आपोआप तुमच्याकडे येतो, सीपीए येत नाही. १४ दिवसांत पॉलिसीवर नाव बदलून घ्या.

लायसन्स चालू तर हवंच, प्रकारही जुळायला हवा. विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची बाइक चालवली की आक्षेप तयार. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात सरळ वगळलेला आहे; केसपेपरवर 'तोंडाला दारूचा वास' एवढं लिहिलं गेलं तरी कंपनी ते धरून बसते. खासगी पॉलिसीवर भाड्याने प्रवासी किंवा माल नेत असाल तर तेही पॉलिसीच्या वापराच्या अटींबाहेर. पार्सल पोचवणाऱ्या मुलांनी हे कलम वाचायलाच हवं, कारण दिवसभर रस्त्यावर तीच असतात.

मग हेल्मेट? त्याच्या अभावी ठरावीक मजकुरानुसार सीपीए नाकारता येत नाही. पण समोरच्या गाडीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलात आणि दुखापत डोक्याची असेल, तर विरुद्ध बाजू 'स्वतःचाही निष्काळजीपणा' म्हणून भरपाईत कपात मागते. मोटार वाहन कायद्यात हेल्मेट नसल्याचा दंड १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन, मागे बसणाऱ्यालाही तोच नियम. ट्रिपल सीटबद्दल २०२० च्याच एका निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तिघे बसले एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, त्यामुळे अपघात घडला किंवा वाढला हे दाखवावं लागतं. सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू, जे. जे. उड्डाणपूल इथे दुचाकीला मनाई आहे. तिथे अपघात झाला तर समोरच्याच्या वकिलाच्या हाती पहिला मुद्दा तुम्हीच देता.

मागे बसणाऱ्याचं या कव्हरमध्ये काहीच नाही, आणि नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीतही नाही. बायको-मुलं मागे बसत असतील तर पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) घ्या आणि पिलियनचं, म्हणजे मागे बसणाऱ्याचं, अपघात कव्हर जोडा. ते दुचाकीला साधारण १ लाखापर्यंतच मिळतं, तरीही घ्यावं.

नव्या गाडीवर थर्ड पार्टी पाच वर्षांची असते, सीपीए मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचं दिलेलं असतं. दुसऱ्या वर्षी पॉलिसी 'चालू' दिसते आणि हा भाग संपलेला असतो. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, सीपीएची शेवटची तारीख वेगळी छापलेली असते, ती पाहा. नॉमिनीचं नाव, वय, नातं रिकामं ठेवू नका. एकापेक्षा जास्त गाड्या असतील तर प्रत्येकीवर घेण्याऐवजी स्वतंत्र सीपीए पॉलिसी एकदाच घेणं परवडतं.

दाव्यासाठी एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा सरकारी रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्र, लायसन्स, आरसी आणि पॉलिसी लागते. जखमीला थेट खासगी नर्सिंग होममध्ये नेलं तर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर) नोंद झाली का, हे त्याच दिवशी विचारा. ती नसली की अपघातच झाला होता हे सिद्ध करण्यात महिने जातात. समोरच्या गाडीविरुद्ध न्यायाधिकरणात करायच्या अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे आणि तो अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही करता येतो. सीपीएसाठी कंपनीला मात्र पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.