नॅप्सची अप्रेंटिस योजना : लग्नाच्या स्टुडिओकडून साडेतीन तारे

ठाण्याला नौपाड्यात आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. कॅमेरा नवऱ्याकडे, एडिटिंग आणि हिशेब माझ्याकडे. त्याला सगळे दादा म्हणतात, म्हणून मी आपोआप वहिनी. जुलै 2024 मध्ये आम्ही राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे नॅप्समध्ये, दोघांना घेतलं. एक पोरगी कळव्याची, एक पोरगा दिव्याचा, दोघंही बारावी झालेले. वर्ष पुरं झालं. आमच्या धंद्यातला जो भेटतो तो "सरकार किती देतं?" हेच विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तर, किती देतं? विद्यावेतनाच्या 25 टक्के, पण माणशी महिन्याला 1500 रुपयांच्या वर नाही. बारावीवाल्याला आमच्या कराराच्या वेळी किमान 7000 द्यायचे होते. दिव्याहून रोज लोकलला लटकत येणाऱ्या पोराला सात हजार सांगताना माझीच जीभ अडखळली, म्हणून आम्ही 9000 ठरवले. त्याचे 25 टक्के होतात 2250, पण कात्री लागून मिळतात 1500च. उरलेले साडेसात हजार आमच्या खिशातून. शिवाय ऑगस्ट 2023 पासून सरकारचा हिस्सा मालकाकडे येतच नाही, थेट पोरांच्या खात्यात जातो. दोघांचे मिळून वर्षाचे 36,000. आमचा सीनियर एडिटर रोज दीड-दोन तास त्यांच्याशेजारी बसायचा, त्या वेळेचे पैसे मांडले तर हा आकडा केव्हाच पार होतो. खरं सांगायचं तर, अप्रेंटिस कायद्याने कामगार धरला जात नसल्याने पीएफ-ईएसआय भरावं लागत नाही, ती बचत मला जास्त जाणवली.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. त्यांची अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखालची, लेथवरची. मी हे सांगितलं तर म्हणाले, "लग्नाच्या कॅसेटीला कसली आलीये अप्रेंटिस?" ते अजून कॅसेटच म्हणतात. पण 2014 मध्ये कायदा बदलला. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन या ठरलेल्या ट्रेडच्या बाहेरचे, ऐच्छिक म्हणतात ते ट्रेड आले आणि ब्युटी पार्लर, मॉल, गोडाऊन, आमच्यासारखे स्टुडिओ यांनाही दार उघडलं. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं सक्तीचं, 4 ते 29 असतील तर मर्जी आपली. घ्यायचे ते एकूण माणसांच्या 15 टक्क्यांपर्यंत. आमची कायम आणि कंत्राटी धरून 14, म्हणजे दोन. मला चार हवे होते. छोट्या धंद्याला हा आकडा फार तोकडा पडतो.

नोंदणी ऑनलाइन. आधी एका एजन्सीचा माणूस येऊन गेला, सगळं आम्ही बघतो म्हणाला आणि माणशी महिन्याचा असा दर सांगितला की 1500 तले निम्मे त्यालाच जाणार. चहा पाजून पाठवला. मग दोन दुपारी बसून मीच केलं : आस्थापनेची नोंद, मीडियाच्या कौशल्य परिषदेचा एडिटरचा अभ्यासक्रम, पोरांचं आधार, करार. त्यानंतर दर महिन्याला आमचा हिस्सा दिल्याचा पुरावा चढवायचा, मगच सरकारचा सुटतो. जमतं, पण महिन्याचा एक तास त्यात जातोच.

पैशांचा घोळ झाला तो दिव्याच्या पोराचा. तीन महिने तो म्हणे, "वहिनी, पंधराशे आलेच नाहीत." पोर्टलवर तर जमा दाखवत होतं. मला वाटलं पोरगा गंडवतोय, देवाशप्पथ. शेवटी त्याला घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी आधार नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. कधीतरी सिम कार्ड घेताना त्याचं मोबाइलवरचं एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधार त्याला जोडलेलं होतं. हे सरकारी पैसे आपण दिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलंय तिथे जातात. साडेचार हजार तिकडे निवांत पडून होते. करार करायच्या आधी पोरांना बँकेत पाठवून हे तपासून घ्या.

आता दुसरी अडचण, आणि ही फक्त आमच्या धंद्यालाच कळेल. शिकाऊ उमेदवारी सल्लागार, म्हणजे सरकारी अधिकारी, त्याच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावता येत नाही. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे रात्र-दिवस एक होतो. रिसेप्शनच्या स्टेजवर लावायचा टीझर संध्याकाळपर्यंत हवा असतो आणि हे दोघं सहाला बॅग उचलतात. पहिल्या आठवड्यात मी चडफडले. मग आठवलं, मी स्वतः शिकले तेव्हा दोन वर्षं लाइट धरून उभी होते आणि लग्नातलं जेवण हाच पगार होता. म्हणून गप्प बसले.

एवढं असून साडेतीन तारे का? तर त्या अभ्यासक्रमामुळे. कधी काय शिकवणार, ते लिहून द्यायचं असतं. मी पेन घेऊन बसले आणि मला लिहिताच येईना. पंधरा वर्षं एडिटिंग करतेय, पण "बघत बघत शिक" यापलीकडे कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मग एकेक वेगळं काढलं : फुटेजची नावं, बॅकअप, आवाज चित्राशी जुळवणं, रंग, कट.

श्रावणात पोराने पहिलं लग्न कापलं. अंतरपाट दूर होतो, तिथे त्याने ड्रोनचा शॉट टाकून वर हिंदी गाणं लावलं होतं. मी गाणं बंद केलं आणि कच्चा आवाज ऐकवला : भटजींचं "सावधान", मग ताशा, आणि मध्ये अर्धा सेकंद नवरीच्या बांगड्या. मागे बसलेली कळव्याची पोरगी म्हणाली, "वहिनी, ताशामुळे या माइकचा आवाज फाटलाय, पण बांगड्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर स्वच्छ आहेत." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, आवाज जुळवायच्या कंटाळवाण्या पंधरा दिवसांत तिच्या कानाला लागलं होतं. एरवी हेल्पर म्हणून आली असती तर हे पंधरा दिवस ती वायरी गुंडाळत बसली असती.

मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन 5000-9000 वरून 6800-12,300 करण्याची शिफारस केली. वाढायलाच हवं. फक्त 1500 ची मर्यादा तीच राहिली तर वाढीचा भार मालकावरच येणार, आणि छोटे स्टुडिओ पुन्हा फुकटच्या हेल्परांकडे वळतील. त्याचा अर्धा तारा कापला. 15 टक्क्यांच्या अटीचा एक.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेशी हिची गल्लत करू नका. तिथे बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000, पदवीधराला 10,000, आणि ते सगळे सरकार देतं. ती वेगळी.

पोरगा वर्ष संपल्यावर गोरेगावला मालिकेच्या एडिटिंगला गेला. नोकरी देण्याची सक्ती आमच्यावर नव्हती, थांबण्याची त्याच्यावर नव्हती. पोरगी राहिली, आता पगारावर. यंदाच्या दोघांना तीच आवाज जुळवायला बसवते. कुणाला घ्यायचे असतील तर आषाढातच करार उरका, चातुर्मासात लग्नं नसतात तेव्हाच शिकवून होतं. सीझनमध्ये आलेल्या पोराला मी तरी वायरीच देईन.