मराठी गटप्रकल्पाची पेटी: कार्डं कामाची, चाचणी बिनकामाची

ठाणे स्टेशनाजवळच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानात बहुविध बुद्धिमत्तेवर, म्हणजे बुद्धी एकच नसून सांगीतिक, तार्किक अशा अनेक प्रकारची असते या कल्पनेवर, बेतलेली ही पेटी मिळते. पाचवी ते आठवीच्या मराठीसाठी ४० कृतिकार्डं, २४ प्रश्नांची स्वयंचाचणी, आठ रंगांचे बिल्ले, गुणतक्ता आणि शिक्षकपुस्तिका, किंमत ९०० रुपये.

चाचणी आणि बिल्ले पहिल्याच दिवशी बाजूला काढा. ‘मला गाणी ऐकायला आवडतात’ याला कुठलं मूल नाही म्हणेल? एकेका बुद्धिमत्तेला तीनच प्रश्न, तेही आवडीचे. त्यातून क्षमता कळत नाही. ही कल्पना मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, निसर्गविषयक आठवी नंतर जोडली. बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली नव्हे, हेही त्यांनीच बजावलंय. पुस्तिका मात्र मुलांना बिल्ले लावून ‘एका रंगाचा एक गट’ करायला सांगते. मग सांगीतिक गटात सगळे बाक बडवतात आणि लिहायला कुणी पुढे येत नाही. सहा जणांचे मिश्र गट करा, तीन कार्डं समोर ठेवा आणि गटाला एक निवडू द्या. पुढच्या प्रकल्पाला तेच कार्ड पुन्हा नाही, एवढा एकच नियम पुरतो.

कार्डं मात्र खरंच विचारपूर्वक केली आहेत. पहिल्या रेल्वेच्या उताऱ्याचा संच बघा: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ३ इंजिनं. पोवाड्याच्या कार्डावर अट आहे की आठ ओळींत उताऱ्यातले चार तपशील आलेच पाहिजेत. तार्किक कार्डात घटनांची साखळी ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ वापरून जोडायची; उभयान्वयी अव्ययांचा सराव आपोआप होतो. पथनाट्याला संवादांची वही आधी दाखवल्याशिवाय तालीम नाही. म्हणजे रूप कुठलंही घ्या, उतारा वाचणं आणि मराठी लिहिणं चुकत नाही. या पेटीचं खरं मोल इथे आहे.

निसर्गाचं कार्ड तेवढं फसलंय. ‘खाडीवरच्या पक्ष्यांची चित्रं चिकटवा’ यात भाषा कुठे आली? त्याऐवजी ऐरोली किंवा नेरुळच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी चिखलात चरणाऱ्या फ्लेमिंगोंची नोंद लिहायला द्या: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आणि पक्ष्यांच्या हालचालींची पाच वाक्यं, प्रत्येकात वेगळं क्रियापद. जून उजाडला की पक्षी फारसे राहत नाहीत, तेव्हा हे हिवाळ्यातच उरका.

पुस्तिका म्हणते, दोन तासिका पुरतात. ४८ मुलांचे आठ गट, प्रत्येकी पाच मिनिटं सादरीकरण, म्हणजे नुसतं तेवढ्यालाच ४० मिनिटं. तासिका असते ३५ मिनिटांची. वाचन आणि निवडीला एक, कामाला दोन, सादरीकरणाला दोन अशा पाच धरा. नाटक आणि पोवाड्याचे गट व्हरांड्यात पाठवा, नाहीतर शेजारच्या वर्गातून तक्रार आलीच समजा.

गुणतक्ता जसाच्या तसा वापरू नका. २० पैकी १० गुण सादरीकरणाला दिलेत, त्यामुळे घरून छापून आणलेला फ्लेक्स जिंकतो. आशय ८, भाषा ६, प्रत्येकाची स्वतंत्र नोंद ४, सादरीकरण २ अशी वाटणी ठेवा. स्वतंत्र नोंद म्हणजे शेवटच्या तासिकेला, प्रकल्प समोर नसताना, वर्गात बसून लिहिलेली पाच वाक्यं. एकट्या हुशार मुलीने (किंवा तिच्या आईने!) सगळं केलं असेल, तर तिथे लगेच कळतं.

कार्डांना लॅमिनेशन नाही. पावसाळ्यात ती वाकतात, शाई फुटते. आधीच करून घ्या. सुटी कार्डं मिळत नाहीत, पण वर्गागणिक पेटी घ्यायची गरज नाही. पाचवी-सहावीला एक आणि सातवी-आठवीला एक, एवढ्यावर शाळेचं भागतं.