शिबिरात सगळेच 'फिट', आईच्या इम्प्लांटमध्ये आम्हाला कसं गंडवलं (सांगली)

जरा लांबलचक होणार आहे पण सांगली मिरज कुपवाड भागात ज्यांच्या घरात कुणाचे दात पडलेत आणि इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर पक्का दात) विचार चाललाय त्यांनी वाचाच. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

आमच्या आईचे वरचे मागचे दात बरीच वर्षं नव्हते, खालचे दोन नंतर काढावे लागले. कवळी बसवली होती पण ती टोचायची म्हणून डब्यातच. तेवढ्यात आमच्या कॉलनीजवळच्या मंगल कार्यालयात मोफत दंत तपासणी शिबिराचा बॅनर लागला, 'तीन दिवसात फिक्स दात, इम्प्लांटवर लाईफटाइम वॉरंटी, वयाची अट नाही'. रविवार होता, मी आईला घेऊन गेलो.

आत गेल्यावर पहिलं टेबल फॉर्मचं. नाव, वय, मोबाईल, आधार, पॅन. पॅन कशाला विचारलं तर "सर स्कीमसाठी लागतं". त्या टेबलावरची मुलगी एकीकडे फॉर्म भरून घेत होती आणि मोकळी झाली की समोरच्या कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर निळा ठसा मारत होती, ठप ठप ठप. मला वाटलं क्लिनिकचा शिक्का असेल. आईचा फॉर्म हातात आला तेव्हा वाचलं, ठशात लिहिलेलं 'इम्प्लांटसाठी योग्य'. तोंड अजून कुणी बघितलेलंच नाही. मी बोललो तर हसून म्हणाली, "अहो सर, ते नुसतं फॉरमॅट आहे, डॉक्टर फायनल करतात."

डॉक्टरांनी आरसा घालून मिनिटभर बघितलं आणि पुढं पाठवलं ते काउन्सिलरकडं. टाय घातलेला पोरगा, डॉक्टर नव्हे. त्यानं वर चार खाली दोन असा हिशेब मांडला, दोन लाख दहा हजार, आजच्या आज बुक केलं तर एवढी सूट आणि बिनव्याजी हप्ते. फायनान्सवाला शेजारीच बसलेला. ओटीपी आला, दिला, आणि संध्याकाळपर्यंत कर्ज मंजूर होऊन पैसे थेट क्लिनिकच्या खात्यात. म्हणजे बघा, आईच्या जबड्यात हाड आहे का नाही हे कुणाला माहीत नाही आणि हप्ता चालू झालेला.

नंतर क्लिनिकमध्ये फोटो काढला. उभं करून डोक्याभोवती मशीन फिरतं तो. आईला सांगितलं थ्रीडी स्कॅन झाला, बिलात 'थ्रीडी स्कॅन ३५००' असं लिहिलं. रक्ताची तपासणी नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं नाही. सह्या घेतल्या त्या इंग्रजी कागदांवर. इम्प्लांट बसवले आणि खरंच तीन दिवसात त्यांच्यावर दात लावून दिले. आई खूश, गल्लीत सगळ्यांना दाखवून आली.

दोनेक महिन्यात वरचा उजवा दात हलायला लागला. क्लिनिकमध्ये गेलं की अँटिबायोटिक आणि माउथवॉश, "काकू, काळजी करू नका, सेट व्हायला वेळ लागतो". मग एके दिवशी सकाळी आई मोरीतनं ओरडली, "अरं, चूळ भरली की पाणी नाकातनं यायलंय!" मला आधी खरंच वाटलं नाही. मी समोर उभं राहून चूळ भरायला लावली तर उजव्या नाकपुडीतनं पाणी टपटप खाली.

तिथनं मग मिरजेला एका ओरल सर्जनकडं गेलो. ह्या बाईंनी आईच्या तोंडाला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. शुगर किती वर्षं, शेवटचं एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) कधी केलं, तंबाखू मिश्री आहे का (आई गप्प, मग हळूच "दोन टायमाला"), रक्त पातळ करायची गोळी आहे का, हाडांसाठी काही चालू आहे का. ती होतीच. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही ती हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनची गोळी. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे पण दातांच्या डॉक्टरला सांगायची असते हे कुणाला माहीत! मॅडम म्हणाल्या ह्या गोळीवर असलेल्यांच्या जबड्याचं हाड क्वचित कधीतरी भरून येत नाही, उघडं पडतं. नुसत्या गोळीवाल्यांना धोका कमी, पण वर्षानुवर्षं चालू असेल तर वाढतो, आणि कॅन्सरसाठी शिरेतनं तसलंच औषध घेतात त्यांना बराच जास्त. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण इम्प्लांट ठरवताना ती माहीत पाहिजे.

शुगरचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी ९.८. शुगरवाल्यांना इम्प्लांट होतच नाही असं काही नाही, साताच्या आसपास, फार तर आठपर्यंत आटोक्यात असेल तर करतात. पण दहाच्या जवळ असताना जखम नीट भरत नाही, इन्फेक्शन होतं. त्यात मिश्री. तंबाखूनं हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. हिरड्यांत पू असेल तर आधी तो बरा करायचा आणि मगच पुढचं.

मग त्यांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा खरा थ्रीडी स्कॅन, काढायला लावला आणि क्लिनिकनं दिलेली फिल्म शेजारी ठेवली. ती फिल्म थ्रीडी नव्हतीच, साधी ओपीजी! दोन्ही मशीन डोक्याभोवती फिरतात त्यामुळं पेशंटला फरक कळत नाही. ओपीजी म्हणजे अख्खा जबडा उलगडून सपाट दाखवलेला फोटो, त्यात हाडाची उंची अंदाजानं कळते, जाडी कळतच नाही. सीबीसीटीत हाड काकडीच्या चकत्यांसारखं कापून बघता येतं. मॅडमनी माउसनं आमच्यासमोर मोजलं, वर उजवीकडं जिथं इम्प्लांट ठोकलेला तिथं सायनसच्या (वरच्या दाढांच्या वर असलेली, नाकाला जोडलेली पोकळी) खाली हाड जेमतेम ४ मिलिमीटर, आणि इम्प्लांटची लांबी १० मिलिमीटर. वरचं टोक सरळ सायनसच्या पोकळीत. तोंड आणि नाक जोडलं गेलं ते तिथनं. दात गेला की तिथलं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि वरच्या मागच्या बाजूला वरनं सायनसही खाली उतरतो, म्हणून एवढ्या वर्षांनी तिथं एवढंच हाड राहणं त्यांना नवल वाटलं नाही. अशावेळी आधी सायनस लिफ्ट करून, म्हणजे सायनसचा तळ वर उचलून, खाली हाड भरतात आणि काही महिने थांबतात, नाहीतर सरळ कवळी नीट करून देतात. खालच्या जबड्यात हाडातनं ओठाची नस जाते, तिथं चुकलं तर ओठ कायमचा बधिर राहू शकतो. तिथं आमचं नशीब चांगलं.

इम्प्लांट हे थोतांड आहे असं मला म्हणायचं नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ ला पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे बसवले, हाड त्या धातूला धरून बसतं हे त्यांनीच दाखवलं. पण ते धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तीन दिवसात दात लावणं काही पेशंटमध्ये जमतं, हाड भक्कम असलं आणि इम्प्लांट पहिल्याच दिवशी घट्ट बसला तर. सरसकट बॅनरवर छापायची ती गोष्ट नव्हे.

आता खरा संताप कशाचा ते. आम्ही वॉरंटी कार्ड घेऊन क्लिनिकमध्ये गेलो तर त्यांनी कार्ड उलटं करून दाखवलं. मागं बारीक इंग्रजीत, मधुमेह, तंबाखू सेवन, हाडांची औषधं, अपुरं हाड असल्यास वॉरंटी लागू नाही. म्हणजे कुणाला इम्प्लांट चालत नाही ह्याची यादी त्यांच्याकडं छापून तयार होती! फॉर्मवर त्यातलं एकही विचारलं नाही, तिथं आधीच ठसा. मी तसं बोललो तर मॅनेजर म्हणतो, "तुम्ही सही केलीय ना सर." अर्धे पैसे देतो, तक्रार नाही असं लिहून द्या, हीच त्यांची ऑफर. नाही दिलं लिहून.

मग आजूबाजूला विचारलं. मागच्या गल्लीतला नववीतला पोरगा, कबड्डीत पुढचा दात गेलेला, तोही 'योग्य'. त्या वयात जबडा वाढत असतो, इम्प्लांट जागचा हलत नाही, म्हणून अठराच्या आसपास वाढ थांबेपर्यंत करत नाहीत. एका काकूंना हिरड्या जरा सुजल्या म्हणून चांगले, हलत नसलेले दात काढून सगळे इम्प्लांट करा सांगितलेलं, त्यांच्या मुलीनं अडवलं म्हणून वाचल्या. ज्यांना मी विचारलं त्यातल्या एकालाही त्या शिबिरात 'तुम्हाला जमणार नाही' असं सांगितलेलं नाही.

आईचा तो इम्प्लांट काढून भोक शिवलंय, अजून एक हलणारा काढला, बाकीच्यांवर मॅडम लक्ष ठेवून आहेत. ग्राहक आयोगात तक्रार घातलीय, पाच लाखापर्यंत फी लागत नाही, १९१५ ला फोन केला की माहिती देतात. स्टेट डेंटल कौन्सिललाही लिहिलंय. कामाला आले ते कागद म्हणजे ठसा मारलेला फॉर्म, थ्रीडीचं बिल आणि ती ओपीजी. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो तो पेशंटला द्यायचा असतो, आम्हाला मागूनही मिळाला नाही.

कुणाला दुसरं मत पाहिजे असेल तर वानलेसवाडीला आणि कवलापूरला डेंटल कॉलेज आहेत, तिथं प्रोस्थो (दात बसवणारे), पेरिओ (हिरड्यांचे), सर्जरी असे वेगवेगळे विभाग एकाच छताखाली बघतात. स्कॅनची फाईल स्वतःकडं मागून घ्या आणि हाड किती मिलिमीटर आहे ते स्क्रीनवर दाखवायला लावा.

आणि हो, माधवनगर रोडला परत तसलाच बॅनर लागलाय, क्लिनिकचं नाव बदललंय, फोन नंबर तोच. गेलात तर पॅन आणि ओटीपी टेबलावर देऊ नका.