कूलंटला चार तारे, बाटलीला भोपळा

आठ महिन्यांपूर्वी आमच्या जुन्या व्हॅनमध्ये इंजिन थंड ठेवणारं कूलंट भरलं, पाणी आधीच मिसळलेलं हिरवं तयार मिश्रण. पहिले तीन महिने मी या कूलंटवर जाम खूश होतो. रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीतली पातळी मॅक्सच्या रेघेखालून तसूभरही हलली नाही. टॉप-अपचा खर्च शून्य. पाच तारे द्यायचं जवळपास ठरलंच होतं.

मग एका चढावर तापमानाचा काटा लालजवळ गेला आणि हीटरमधून गार वारा यायला लागला. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे बूड आधीच भाजत होतं. गाडी बंद केली, रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत तासभर थांबलो, मग फडकं धरून झाकण काढलं. बोट घातलं तर बोट कोरडं. आणि बाटली मात्र म्हणतेय फुल्ल!

टॉर्च मागून धरला तेव्हा कळलं. बाटली इतकी पिवळी पडलीय की आतलं काही दिसत नाही. मी तीन महिने जी 'पातळी' बघत होतो, तो आतून बसलेला तपकिरी डाग होता. खरं कूलंट तळाशी दोन बोटं. बनवणाऱ्याने एक पारदर्शक पट्टी ठेवली असती तर काय बिघडलं असतं? मुळात गरम-गार होताना बाटलीतली पातळी वर-खाली व्हायलाच हवी. ती हलत नाही, यावरूनच मला शंका यायला हवी होती.

घरी येईपर्यंत सगळा राग कूलंटवर. पातळ माल, उडून जातो वगैरे. मेकॅनिकने तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकायला सांगितलं. ऐकलं नाही, बरं झालं. दोष निघाला झाकणात: रबर कडक, एका जागी भेग, तोंडाभोवती वाळलेली हिरवट खपली. तिथूनच वाफ जात होती, आणि गार होताना बाटलीतलं कूलंट ओढण्याऐवजी रेडिएटर हवा ओढत होता. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) असलेलं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, ०.९ बार दाबाखाली १२० च्या पुढे. झाकणच दाब धरत नसेल तर कूलंट बिचारं काय करणार? नवं झाकण ०.९ चंच घेतलं. जास्त आकड्याचं मुद्दाम नाही, होज पाइप जुने आहेत.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत जेमतेम कपभर घातलं. गंज नाही, फेस नाही. कॅनचं तोंड मात्र भिकार, ओतताना भकभक सांडतं. सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोड असतं, मांजर-कुत्र्यांना विष. पुढच्या वेळी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं कूलंट, आणून डिस्टिल्ड वॉटर मीच मिसळणार, निम्म्या पाण्याचे पैसे कोण देईल?

बाटली ब्रशने घासली. डाग गेला, पिवळेपणा नाही. नवी घेणार नाही. खराट्याची एक काडी घेऊन तिला मिन-मॅक्सच्या दोन खाचा पाडल्यात, ती डॅशबोर्डच्या खणात असते.