प्राणी-पार्कमधलं नवं 'जंगल': पास काढून काही महिने वापरल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शहराबाहेरच्या एका प्राणी-पार्कचा वर्षाचा फॅमिली पास काढला. लहान मुलांसाठी तिथे 'जंगल' नावाचा नवा विभाग सुरू झाला होता. थंडी, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, परीक्षा आणि आता हे ऊन, सगळ्या दिवसांत जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते. घरात दुसरीतली मुलगी, बालवाडीतला मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. तिघांनाही जमेल अशी जागा सोलापुरात शोधावी लागते.

आधीच सांगते, तिथलं फायबरचं जंगल ठीकठाक आहे. पैसे वसूल होतात ते प्राण्यांची देखभाल करणाऱ्या माणसांमुळे.

पक्ष्यांच्या मोठ्या जाळीत आपल्याला आत सोडतात. दुपारच्या खाण्याच्या वेळीच जा. कवचासकट बदाम दिला की मकाऊ पोपट तो डाव्या पायात धरतो, चोचीशी नेतो आणि काळ्या, जाड जिभेने गोल गोल फिरवत राहतो. कवचाची शिवण सापडली की एकदाच दाबतो, कट्‌ आवाज येतो आणि दोन फाका खाली पडतात. त्याच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, म्हणून त्याला असं मुठीत धरता येतं, हे तिथल्या दादांनी माझ्या मुलीला पाय दाखवून समजावलं. "बघ बाळा, बहुतेक सगळे डावखुरेच," असंही म्हणाले. ती आता घरी प्रत्येकाला हेच सांगते.

मुलीने विचारलं, "आपला हिरवा मिठ्ठू इथे का नाही?" दादांनी नीट उत्तर दिलं. आपल्याकडचे रानपोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, म्हणून अशा ठिकाणी बाहेरच्या देशांतले पक्षी दिसतात आणि त्यांचीही सरकारकडे नोंद करावी लागते. अनेक घरांत अजून मिठ्ठू पिंजऱ्यात आहे, म्हणून हे ऐकून मला फार बरं वाटलं.

ससे आणि गिनीपिगच्या कोपऱ्यातही हीच काळजी दिसते. गिनीपिगच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून त्यांना रोज ढोबळी मिरची आणि कोथिंबीर देतात. मुलांना प्राणी उचलू देत नाहीत, खाली बसवून हात फिरवू देतात. काही पालक यावर कुरकुर करताना दिसले. मला मात्र हा नियम शंभर टक्के पटतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तेवढ्याने त्याचं भागत नाही. एप्रिल लागला तसे ससे दुपारी आत नेऊ लागले आणि त्यांच्याजवळ बर्फाच्या बाटल्या ठेवू लागले. दुपारी गेलात आणि ससे दिसले नाहीत तर चिडू नका.

खेळायच्या भागात दोरीची जाळी, झुलता पूल आणि झाडावरचं घर आहे. मुलीला जाळी सोडवत नाही. धाकट्यासाठी मात्र फार काही नाही. आणि खरी अडचण उन्हाची आहे. प्लास्टिकची हिरवळ आणि घसरगुंडी दुपारी इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही. मोजे घेऊन जा. मार्चपासून पाचच्या आत आम्ही त्या बाजूला जातच नाही. वर हिरवी जाळी बांधली तरी खूप फरक पडेल. सासूबाईंसाठी कडुलिंबाखाली बाकं आहेत, रस्ता सपाट आहे, स्वच्छतागृहं चांगली आहेत. बाहेरचं खाणं चालत नाही, बाळाचा डबा चालतो.

लाउडस्पीकरवर सतत ढोल आणि डरकाळ्या वाजतात. ते बंदच करायला हवं. आवाज वाढला की गिनीपिग पेटीच्या मागे दडून बसतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मी तिथल्या वहीत तसं लिहिलं, तेव्हापासून सशांच्या बाजूचा एक स्पीकर बंद आहे. बाकीचे चालूच आहेत.

दुसरं म्हणजे पाट्या. आफ्रिकेतला गोरिला आणि आपला वाघ यांचे फायबरचे पुतळे शेजारी शेजारी उभे, आणि कोण कुठला याचा कुठेही उल्लेख नाही. मुलाने विचारलं, "गोरिला नान्नजला राहतो का?" म्हणून एका रविवारी पहाटे बार्शी रस्त्याने नान्नजला गेलो. माळावर काळविटांचा कळप होता. काळा नर, पिळाची शिंगं, मागे तपकिरी माद्या. मुलगा गाडीत एक शब्द बोलला नाही. माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं हे अभयारण्य शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. माळढोक आता देशात दीडशेही उरले नसतील आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. आपल्या जिल्ह्याचं खरं रान म्हणजे हे गवताळ माळ, त्यावरचे काळवीट, लांडगे आणि खोकड. पार्कवाल्यांनी गोरिलाच्या जागी काळवीट उभा करावा आणि खाली मराठीत चार ओळी लिहाव्यात, असंही मी वहीत लिहून आले आहे.

पास आम्ही पुढच्या वर्षीही काढणार. वर्षात चार-पाच फेऱ्या होणार असतील तरच काढा, नाहीतर साधं तिकीट पुरे. हिवाळ्यात सकाळी, उन्हाळ्यात पाचनंतर, आणि जमलं तर मधल्या वारी. रविवारी पक्ष्यांच्या जाळीबाहेर मोठी रांग असते आणि दादांना प्रश्न विचारायला सवड मिळत नाही.