'सगळे परवाने करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाची सेवा: पैसे देण्याआधी हे वाचा

ज्यांना आपल्या गावात म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्र काढायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी गेल्या वर्षी अंबाजोगाईतल्या एका एजंटाकडून परवान्यांचं काम करून घेतलं. नाव टाकत नाही. असे लोक प्रत्येक तालुक्यात बसस्टँडच्या आसपास सापडतात.

मी अंबाजोगाईच्या स्वाराती सरकारी रुग्णालयात 31 वर्षं स्टाफ नर्स होते. रिटायर झाल्यावर घराचा खालचा मजला मोकळा केला, आठ खाटा टाकल्या. कुणाची पोरं पुण्याला कंपनीत, तर कुणाची दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या सहा महिन्यांत गावात मागं म्हातारीच माणसं उरतात. त्यांना गोळी वेळेवर कोण देणार, कूस कोण बदलणार? माझ्याकडं असलेल्या एका जिजीचा मुलगा पैशाऐवजी ज्वारीचं पोतं आणून टाकतो. ते मी आनंदानं घेते.

एजंट बोलायला गोड. "तुमी कामून ताण घेताव ताई, सायेब आपलेच हायेत. बेचाळीस हजारात समदं करून देतो." कशाचे किती, हे विचारलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर एकच आकडा लिहून खाली रेघ मारली. निम्मे रोख घेतले. पावती नाही. तिथंच उठायला पाहिजे होतं, पण मला कागदांची धास्ती होती. सलाईन कसंही लावीन, ऑनलाइन फॉर्म म्हटलं की हात थांबतो.

महिन्याभरानं प्लास्टिकची फाईल आली. सूनबाईनं रात्री जेवणं झाल्यावर एकेक कागद काढून मोबाईलवर बघितला. मग मीच हट्टानं त्याच्याकडून तोंडी हिशोब घेतला. उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान धंद्याच्या सरकारी नोंदीचे, त्यानं 2,500 लावले होते. ती सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट होते, आधार आणि पॅन असलं की पंधरा-वीस मिनिटांचं काम. शॉप अ‍ॅक्टचे 3,500. माझ्याकडं पाच माणसं कामाला, आणि एवढी थोडी माणसं असली की 2017 च्या कायद्यानं नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. स्वयंपाकघराच्या अन्न नोंदणीचे 3,000, जिथं सरकारी फी वर्षाला 100 रुपये होती. प्रतिज्ञापत्रासाठी 500 चा स्टॅम्प दाखवला. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं.

एवढं असूनही मी गप्प बसले असते. माणसाला मेहनतीचे पैसे मिळावेत, फॉर्म भरायचे पाचशे-हजार मी खुशीनं दिले असते. पण दोन गोष्टी अशा झाल्या की गप्प बसणं पाप वाटलं.

पहिली, आग विझवायचे सिलिंडर. त्यानं तीन आणून भिंतीला लटकवले, फोटो काढला आणि गेला. आठवड्यानं मी झाडू मारताना जिजीच्या खाटेशेजारचा सिलिंडर पुसला, तर घड्याळातला काटा हिरव्यातून खाली, लाल पट्टीत. मागच्या चिठ्ठीवरची रिफिलिंगची तारीख नखानं खरवडलेली. दुसराही तसाच. म्हणजे कुठून तरी काढलेले जुने, रिकामे डबे रंगवून माझ्या भिंतीला टांगले. जिजीची मांडी मोडलेली आहे, तिला खाटेवरून उठवायला दोघी लागतात. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयात आगीनं दहा तान्ही बाळं गेली, तेव्हा आम्ही वॉर्डात सगळ्या जणी रडलो होतो. ज्याला पळता येत नाही त्याच्या उशाशी रिकामा सिलिंडर ठेवणाऱ्याला मी कसं माफ करू? अग्निसुरक्षेचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची साधनं नीट चालतात असा दाखला, दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, परवाना असलेल्या एजन्सीकडूनच घ्यायचा असतो. आमच्या फाईलमध्ये तो नव्हताच.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तो म्हणाला, "नर्सिंग होमची नोंदणी कशाला? आपण वृद्धाश्रम म्हणून दाखवू." आठांतले तीन जण अंथरुणाला खिळलेले, एकाच्या नाकातून नळी, एकाला लघवीची पिशवी. 1949 चा महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणी कायदा आजारी, जखमी, दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणाऱ्या जागेला लागू होतो. नळी घातलेला माणूस ठेवून नुसतं जेवणखाण देतो म्हणायचं, हे खोटं आहे. उद्या काही झालं तर एजंट कुठं सापडणार? दारावर पाटी माझ्या नावाची आहे.

शेवटी नर्सिंग होमच्या नोंदणीसाठी मीच बीडला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण अख्खा दिवस जातो. तीन चकरा झाल्या. एकदा खोल्यांची मापं नव्हती, एकदा डॉक्टरांचं संमतीपत्र राहिलं. पण जे पैसे भरले त्याचं चलन हातात आलं. नोंदणी तीन वर्षांची असते.

आमच्या पेशंटांचे दाखले काढायला मी आता गल्लीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात जाते. तिथली पोरगी बोलायला फटकळ आहे आणि दुपारी सर्व्हर गेला की दोन-दोन तास बसवते. तरी तिला माझे पाचातले चार. दरपत्रक भिंतीला लावलेलं आहे. सेवा शुल्क 50 रुपये, एप्रिल 2025 च्या आधी 20 होतं, आणि पावती न मागता देते. श्रावणबाळच्या दीड हजारासाठी जिजीचा उत्पन्नाचा दाखला तिनंच काढून दिला. किती दिवसांत मिळणार ती मुदत पावतीवर होती. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, मुदत टळली की अपील करता येतं, हेही तिनंच सांगितलं.

माझी भाची कॅलिफोर्नियात सहा खाटांचं असंच घर सांभाळते. तिला आधी 80 तासांचा वर्ग करावा लागला, मग 100 प्रश्नांची परीक्षा, आणि आता दर दोन वर्षांनी 40 तासांचं शिक्षण आणि नूतनीकरणाची फी. मोठ्या नर्सिंग होमच्या प्रशासकाला तर तिथं प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना लागतो. त्याचा केंद्रीय कायदा 1967 चा आहे. फोनवर ती फीच्या नावानं कुरकुर करते. मी तिला म्हटलं, बाई, तू भरतेस त्या पैशाला पावती आहे, आणि त्या पावतीमागं तुझं शिक्षण आहे. माझ्या नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनचंही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि मी ते कधी चुकवलं नाही. पण आपल्याकडं साधा वृद्धाश्रम चालवणाऱ्या माणसाला स्वतःचा परवाना नाही, परीक्षा नाही. पाठीवरची जखम कशी धुवायची हे माहीत नसलेला माणूसही उद्या वीस म्हातारी माणसं ठेवू शकतो. सरकारनं अशी परीक्षा काढली, फी लावली, तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

एजंटाला पाचातला एकसुद्धा देववत नाही. उरलेले एकवीस हजार मी दिले नाहीत. दिलेले परत आले नाहीत. कुणाला एजंट धरायचाच असेल तर प्रत्येक कागदाची सरकारी फी वेगळी आणि त्याची मेहनत वेगळी लिहून घ्या, चलन आपल्या नावावर काढा, आणि सिलिंडरचा काटा स्वतः बघा.

परवा त्याचा फोन आला होता. "ताई, उद्यमचं रिन्यूअल आलंय, करायचं का?" मी म्हटलं, उद्यमला रिन्यूअल नसतं. आधी ते तीन डबे घेऊन जा आणि जिजीसमोर उभं राहून सांग, ते कुठून आणले होते.